मुलाच्या फॉर्मातली परदेशी आई

"आई, तू सरकारी नोकर होतीस की कंपनीची?"

रविवारची सकाळ होती. मी मुलुंडच्या घरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि मुलगा टेक्ससमधून व्हिडिओ कॉलवर होता. मी म्हटलं, "कंपनी सरकारची, मी कंपनीची. लहानपणापासून मला डबा घेऊन लोकलमागे धावताना बघितलंस, हे आज कुठून काढलंस?" तर म्हणाला, एक फॉर्म भरतोय.

फॉर्मचं नाव एसएफ-८६. मुलगा आता अमेरिकेचा नागरिक आहे. त्याच्या कंपनीला तिथल्या संरक्षण खात्याचं काम मिळालंय आणि त्या कामावर बसायचं तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. शंभरावर पानांच्या त्या फॉर्मात अठरावा विभाग नातलगांचा. आई, वडील, भावंडं, मुलं, सासू, सासरे. यांपैकी कुणी दुसऱ्या देशाचा नागरिक असेल तर जन्म कुठला, राहणं कुठे, नोकरी कुणाकडे, परक्या सरकारशी, सैन्याशी, संरक्षण उद्योगाशी, हेरखात्याशी संबंध आहे का, हे सगळं लिहायचं. आणि शेवटी, तुमचं बोलणं किती वेळा होतं: रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला की वर्षाला?

मी मुंबईतल्या, संरक्षणाशी निगडित अशा एका सरकारी उपक्रमाच्या पर्सोनेल खात्यातून निवृत्त झाले. उपक्रमाचं नाव इथे घेत नाही. म्हणजे त्या फॉर्मातला 'परक्या देशाचा संरक्षण उद्योग' तो मीच. आणि फोन मी रोज करते.

"आठवड्याला लिही की," मी सहज म्हटलं. "रोज म्हटलं तर कटकट होईल."

"नाही आई. रोज तर रोज. लपवलं तर जास्त कटकट होते."

त्यानं रोजवर खूण केली. मी फोन ठेवला आणि पोहे करपले, कारण माझ्या डोळ्यांसमोर २००९ सालचा एक मुलगा उभा राहिला होता. त्यानं मला याच्या नेमका उलटा प्रश्न विचारला होता.

आपल्याकडे अशा कागदाला सरकारी मराठीत साक्षांकन नमुना म्हणतात. बोलताना सगळे ॲटेस्टेशन फॉर्मच म्हणतात. निवड झालेल्या उमेदवारानं तो भरायचा, आम्ही तो पोलिसांकडे पाठवायचा, स्पेशल ब्रँचचा माणूस घरी जाऊन, शेजाऱ्यांना विचारून अहवाल द्यायचा. फॉर्मच्या माथ्यावरच धमकी छापलेली असते: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर अपात्र ठराल. खाली आईवडील, नवरा किंवा बायको, भाऊ, बहिणी यांचा तक्ता. नाव, राष्ट्रीयत्व, जन्मस्थान, व्यवसाय, पत्ता.

हा मुलगा कुर्ल्याला राहणारा, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. कोकणी मुसलमान. घरातली बोली माझ्या आजोळच्या बोलीच्या इतकी जवळची की तो फोनवर आईशी बोलायचा तेव्हा मला मामाच आठवायचा. तांत्रिक पदावर निवड झाली होती, मेरिटमध्ये वरचा. फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मोठी बहीण लग्न करून कराचीला गेली. चौदा वर्षं झाली. तिचं नाव लिहू की नको?"

मी माथ्यावरच्या त्या धमकीवर बोट ठेवून म्हटलं, "लिही. खरं लिहिणाऱ्याला भीती नसते."

तेव्हा २६/११ ला वर्षही झालेलं नव्हतं. त्याच्या बॅचमधल्या इतरांचे अहवाल दोन-अडीच महिन्यांत आले, त्याचा आलाच नाही. स्मरणपत्रं पाठवली. उत्तर यायचं, 'पडताळणी प्रक्रियाधीन'. निवडयादीची मुदत संपली. मुलगा तीनदा येऊन गेला. तिसऱ्या खेपेला नुसता बसून राहिला, काही बोलला नाही. नकार असता तर निदान कागद असता, कागदावर सही असती, सहीविरुद्ध कुठेतरी जाता आलं असतं. इथे नकार दिलाच नव्हता कुणी.

त्याच बॅचमधल्या दुसऱ्या एका मुलाचा सख्खा भाऊ न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर होता. त्याचा अहवाल वेळेत आला. मी स्वतः मुलाला शिकायला पाठवलं तेव्हा नियमाप्रमाणे ऑफिसला कळवलं, तर वरच्या साहेबांनी अभिनंदन करून पेढे मागितले. न्यू जर्सीचा भाऊ म्हणजे घराण्याची शोभा आणि कराचीची बहीण म्हणजे डाग, हा हिशेब कुठल्या नियमात लिहिलाय? कुठेच नाही. म्हणूनच तो खोडताही येत नाही.

आता माझं म्हणणं सांगते, कारण अशा विषयावर बोललं की पहिला आरोप भाबडेपणाचा होतो. परदेशातल्या नातलगांबद्दल विचारू नका, असं मी म्हणत नाही. विचारलंच पाहिजे. माणसाकडून गुपित काढायचे जे मार्ग हेरखात्यांना ठाऊक आहेत त्यात पैसा, मोह, अहंकार, राग यांच्या जोडीला माया आहे. तुमची आई आमच्या शहरात राहते, तिचं बरंवाईट आमच्या हातात आहे, एवढं सुचवलं की पुरतं. हा धोका खरा आहे. माझा मुलगा ज्या फॉर्मपुढे बसला होता तो फॉर्म मला परकी ठरवतो याचं मला वाईट वाटलं नाही. मी आहेच परकी, त्यांच्या हिशेबानं.

प्रश्न आहे तो विचारून झाल्यावर काय करायचं याचा. तक्त्यात मी नावं कितीदा तपासली असतील, पण मुलाच्या फोनपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आपला फॉर्म नातं विचारतो, संबंध विचारत नाही. बहीण कराचीला आहे हे लिहायला रकाना आहे. तिच्याशी बोलणं होतं का, कधी, कसं, तिचा नवरा लष्करात आहे की किराणा दुकानात, हे लिहायला जागाच नाही. म्हणजे ज्या माहितीवरून धोका मोजता येईल ती आपण मागतच नाही. मागतो ती फक्त रक्ताची. मग टेबलापलीकडच्या माणसाला रक्तावरूनच ठरवावं लागतं, किंवा न ठरवता फाइल कपाटात ठेवावी लागते. दुसरा मार्ग जास्त सोयीचा. मी त्या टेबलाशी बसले आहे. 'होय' म्हणून उद्या काही झालं तर मान माझी जाणार, 'नाही' म्हणायला कारण लिहावं लागणार, काहीच न म्हणण्याची शिक्षा मात्र कुणाला होत नाही.

अमेरिकेत या गोष्टी कशा चालतात ते मी त्यानंतरच्या काही रात्री वाचून काढलं. निवृत्त बाईला वेळ असतो. तिथे १३ निकष आहेत, छापील, कुणालाही वाचता येतील असे. सध्याचे ८ जून २०१७ पासून लागू आहेत. त्यातला 'बी' हा परकीय प्रभावाचा. त्यात धोका कशाला म्हणायचं हे जसं लिहिलंय तसंच धोका कशानं कमी होतो हेही लिहिलंय: नातलगांचं काम काय, देश कोणता, संपर्क किती तुरळक, आणि माणसाची मुळं इथे इतकी खोल गेली आहेत का की पेच पडला तर तो या देशाच्या बाजूनेच कौल देईल. क्लिअरन्स नाकारायचा असेल तर कारणांचं लेखी निवेदन द्यावं लागतं. कंत्राटदाराच्या नोकराला त्याला उत्तर देता येतं, सुनावणी मागता येते, अपील करता येतं. संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाचे हे निकाल नावं गाळून जाहीर होतात. त्यात भारतात जन्मलेल्या इंजिनियरांची प्रकरणं ढिगानं आहेत. कुणाची आई हैदराबादला, कुणाचे सासरे पुण्याला, कुणाचा वडिलोपार्जित फ्लॅट विकायचा राहिलेला. भारत लोकशाही देश आहे, अमेरिकेशी संबंध चांगले आहेत, तरी औद्योगिक हेरगिरीत त्याचं नाव आलेलं आहे, अशी आपली ओळख वाचताना मजा वाटते. एक तत्त्व तर फारच आवडलं. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या माहेरासासरच्या माणसांवर तुमची माया आहे असं गृहीत धरतात. नसेल तर ते तुम्ही सिद्ध करायचं! आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात हे सांगितलं तेव्हा अर्धा तास कुणी गप्प बसलं नाही.

पण हे सगळं त्यांना उपजत सुचलेलं नाही. विल्यम ग्रीन नावाचा एक विमान-इंजिनियर होता, कंपनीचा मोठा अधिकारी, वर्षाला १८ हजार डॉलर कमावणारा. १९५३ साली त्याचा क्लिअरन्स काढून घेतला. मुख्य आक्षेप काय, तर पहिल्या बायकोची कम्युनिस्टांत ऊठबस होती. त्या बायकोशी त्याचा केव्हाच घटस्फोट झाला होता. कोण काय म्हणालं हे त्याला सांगितलं नाही, साक्षीदार समोर आणले नाहीत. शेवटी तो एका वास्तुविशारदाकडे ४ हजार ४०० डॉलरवर नकाशे काढायला बसला. तो कोर्टात गेला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समोरासमोर जाब देण्याची संधी न देता माणसाची रोजी काढून घ्यायचा अधिकार या खात्याला कुणी दिलेलाच नाही. त्यानंतर १९६० मध्ये आयझेनहॉवरनी आदेश काढला आणि आजची सुनावणी त्यातून आली. म्हणजे आज माझा मुलगा बिनधास्त 'रोज'वर खूण करतो त्याच्या मागे एका माणसाच्या घटस्फोटित बायकोचं प्रकरण आहे.

तिथेही सगळं आलबेल नाही, हे सांगितलं पाहिजे. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि शंका उरली तर ती देशाच्या बाजूनं सुटते, हे १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच मान्य केलं. चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१८ ते २०२२ या काळात 'चायना इनिशिएटिव्ह' या चिनी हेरगिरीविरुद्धच्या सरकारी मोहिमेखाली जो ताप झाला तो जगानं पाहिला. आणि चिएन शुएसेनचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. कॅलिफोर्नियातला पहिल्या फळीचा रॉकेट-शास्त्रज्ञ. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याचा क्लिअरन्स काढला, पाच वर्षं अडकवून ठेवला आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिला. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा पाया त्यानेच घातला. संशयाची किंमत संशयितच मोजतो असं नाही.

आपल्याकडे वळते. राज्यघटनेचं कलम १६(२) सांगतं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून कुणा नागरिकाला सरकारी नोकरीला अपात्र ठरवता येणार नाही. यातला 'केवळ' हा शब्द सगळं ओझं वाहतो. बहीण कराचीला असणं हे कूळ झालं. त्या बहिणीमार्फत दबाव येण्याची शक्यता हे कूळ नव्हे, ते वेगळं कारण आहे, आणि असेल तर ते दाखवून दिलं पाहिजे. दाखवलंच नाही तर मागे उरतं ते केवळ.

दाखवायला सांगणारं न्यायालयही आता आहे. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'मीडियावन' या मल्याळम वाहिनीच्या बाजूनं निकाल दिला. गृहखात्यानं तिला सुरक्षा मंजुरी नाकारली होती आणि कारणं बंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांना दाखवली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून काढता येणार नाही, आणि समोरच्याला निदान गाभा तरी कळला पाहिजे. त्याआधी २०१४ मध्ये, विमानतळावर काम करणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात, याच न्यायालयानं राष्ट्रीय सुरक्षेपुढे नैसर्गिक न्याय मागे पडू शकतो असं म्हटलं होतं. आणि २०२५ च्या मे महिन्यात मुंबई विमानतळावरही ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या तुर्की कंपनीची मंजुरी एका फटक्यात रद्द झाली. जुलैत दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा पारडं अजून हलतंच आहे. शिवाय ही सगळी भांडणं कंपन्यांची. त्यांना वकील परवडतो. कुर्ल्याच्या मुलानं कुणाविरुद्ध याचिका करायची, 'प्रक्रियाधीन' या शब्दाविरुद्ध?

यातली मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट न्यायाची नाहीच, सुरक्षेचीच आहे. माझ्या टेबलाशी आलेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं हे त्याच्या चाळीत, मोहल्ल्यात, गावी सगळ्यांना कळलं. खरं लिहिलं आणि बसला घरी. पुढच्या वर्षी त्याच्यासारखाच कुणी निवडला गेला असेल तर त्यानं काय केलं असेल? बहीण तक्त्यातून गाळली असेल. पकडला न जाता नोकरीला लागलाही असेल. आता या माणसाकडे एक गुपित आहे. ते उघड झालं तर नोकरी जाणार. ज्याला त्याच्याकडून काही काढायचंय त्याला बहिणीच्या केसालाही धक्का लावायची गरज नाही. 'तू फॉर्ममध्ये काय लिहिलं नाहीस ते आम्हाला माहीत आहे,' एवढं म्हटलं की झालं. म्हणजे दुखरी नस बहिणीनं दिलेली नाही. ती आम्ही, पर्सोनेल खात्यानं, तयार करून दिली.

२०२५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलानं एका जवानाला पाकिस्तानी मुलीशी केलेलं लग्न लपवल्याच्या कारणावरून बडतर्फ केलं. त्याचं म्हणणं होतं की मी कळवलं होतं, परवानगीही मिळाली होती. कोण खरं ते कोर्टानं ठरवावं. मला त्यातलं एवढंच खुपतं की कळवणं आणि लपवणं यातला फरक सिद्ध करायची वेळ शिपायावर यावी. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला २१ वा नियम पाहिला तर तो साधा आहे: परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर सरकारला ताबडतोब कळवा. कळवल्यावर सरकार काय करेल, किती दिवसांत करेल, हे त्यात नाही.

परदेशी नात्याचा माणूस विश्वासाला पात्र असतो का, याचं उत्तर या देशानं स्वतःच केव्हाचं दिलंय. परराष्ट्र सेवेतल्या के. आर. नारायणन यांनी १९५१ मध्ये ब्रह्मी मुलीशी लग्न केलं तेव्हा नियम आडवा आला, नेहरूंनी खास परवानगी दिली. तेच नारायणन १९७६ मध्ये चीनमध्ये राजदूत झाले, पुढे अमेरिकेत, आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांचे सरसेनापती. पण ती परवानगी एका माणसाच्या मर्जीची होती. दुसरा पंतप्रधान असता तर? आणि त्यांच्याऐवजी एखादा कारकून असता तर फाइल तिथवर पोचली तरी असती का?

मुंबईत तर हा प्रश्न अवघ्या शहराचा आहे. समुद्रापलीकडे नातं नसलेलं घर इथे सापडायला मुश्कील. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीचा माणूस मुंबईला कामाला आला तर तो इलाख्यातल्या इलाख्यात आलेला असायचा. कराचीतली एक जुनी नामवंत शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांच्या जन्मस्थानाच्या रकान्यात लारकाना, शिकारपूर, कराची लिहिलेलं मी कितीदा वाचलंय. त्यांना सहसा कुणी अडवत नाही, आणि अडवू नये. पण मग जन्मस्थान नडत नाही, बहिणीचा पत्ता नडतो, आणि तोही सगळ्यांचा सारखा नडत नाही, हे कबूल करावं लागतं.

रायगडचे बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू घ्या. घरात मराठी, नावामागे गावाचं आडनाव. १९४८ नंतर निम्म्याहून जास्त गोतावळा इस्रायलला गेला, तिथे मराठीतून नियतकालिकही काढलं. त्या देशाशी आपले पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये आले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत या समाजातल्या माणसांना आपण जबाबदारीच्या जागा दिल्याच ना? १९६५ च्या युद्धाच्या वेळी भारतीय आरमाराच्या ताफ्याचं नेतृत्व करणारे व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन याच समाजातले, आणि पुढे माझगाव डॉकची सूत्रंही त्यांच्याकडे होती. कुणीतरी त्यांच्याकडे पाहून ठरवलं असणार, गोतावळ्याकडे पाहून नव्हे.

आणि त्याच माझगावात, डॉकयार्ड रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीत चिनी देऊळ आहे. १९६२ मध्ये जो कायदा केला त्यात शत्रुराष्ट्राच्या नागरिकाची व्याख्या आईवडील आणि आजीआजोबांपर्यंत नेली होती. सुमारे ३ हजार चिनी वंशाच्या माणसांना, बहुतेक आसाम-बंगालकडच्या, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात म्हातारी माणसं होती, शाळकरी मुलं होती. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठी आजही पणजोबांपर्यंत कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक नव्हता ना, हे पाहिलं जातं. टेक्ससमध्ये जन्मलेल्या माझ्या नातवाचं कार्ड काढताना तो नियम वाचला होता. त्याचे पणजोबा देवगडचे, म्हणून सुटलो.

आता विरोधी बाजू. मला माहीत आहे, वाचणारे म्हणतील, बाई, अमेरिकेच्या शेजारी पाकिस्तान नाही. बरोबर आहे. पाकिस्तानच्या हेरखात्याला इथल्या माणसाचे नातलग वापरता येतात, व्हिसासाठी खेटे घालणारा माणूस गळाला लागतो. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या एका अधिकाऱ्याला आपण हाकललं ते हेरगिरीच्या आरोपावरूनच. अमेरिकेतल्या हेरगिरीच्या प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्यांनाही १९९० नंतरच्या हेरांत परदेशी नातीगोती असलेल्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे माझ्या मुद्द्याच्या सोयीचं नाही, तरी आहे ते आहे. म्हणून मी असंही म्हणेन की पाणबुडीच्या आराखड्यांच्या खोलीत, बहीण कराचीत असलेल्या माणसाला घेऊ नका. त्याला तसं सांगा. आणि त्याच उपक्रमातल्या ज्या पंचवीस जागांवर आराखड्याचा कागदही दिसत नाही तिथे घ्या.

पण त्याच न्यायानं न्यू जर्सीच्या भावाचंही विचारा. रॉमधला संयुक्त सचिव रविंदर सिंग २००४ मध्ये नेपाळमार्गे पळाला तो अमेरिकेला. त्याचे जवळचे नातलग तिथे होते असं तेव्हा छापून आलं होतं. तसली नाती आपण धोक्याची मानतच नाही. ती आपल्याला पेढे मागायची कारणं वाटतात. आणि २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना दहशतवादविरोधी पथकानं पकडलं. खटला चालू आहे. आरोप आहे तो फोनवर ओळख झालेल्या बाईला माहिती दिल्याचा. असली ओळख कुठल्या तक्त्यात येणार? आपण बहिणींची नावं तपासत बसलो आणि तिकडून कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'हाय' पाठवला.

मागणं फार मोठं नाही. निकष छापा. कोणत्या जागेला कसली पडताळणी, हे वेगवेगळं ठरवा. मुदत घाला, आणि मुदत उलटली तर होकार किंवा कारणासह नकार, तिसरं काही नाही. खबऱ्याचं नाव सांगू नका, पण गाभा सांगा: 'तुमच्या बहिणीच्या नवऱ्याच्या नोकरीमुळे', एवढं एक वाक्य. आणि ती फाइल पोलिसांच्या बाहेरच्या कुणीतरी, एखाद्या निवृत्त न्यायाधीशानं, उघडून पाहावी. पर्सोनेलमधल्या माझ्यासारख्या बायकांनाही त्यानं बरं होईल. खरं लिही, असं उमेदवाराला सांगताना जीभ अडखळणार नाही.

माझ्या मुलाचा क्लिअरन्स वर्षभरानं आला. मध्ये एक तपासनीस येऊन त्याला माझ्याबद्दल पाऊण तास विचारून गेला. आई काय करत होती, आता कुणाला भेटते, रोज काय बोलता. मुलगा म्हणाला, "मी सांगितलं, गुडघा, नातू आणि भाज्यांचे भाव."

आणि तक्त्यात एक रकाना वाढवा, संपर्काचा. कुर्ल्याच्या त्या मुलाला मी तेव्हाच तोंडी विचारलं होतं, बहिणीशी बोलणं होतं का. त्यानं लगेच सांगितलं होतं. वर्षातून दोनदा, दोन्ही ईदना, शेजाऱ्यांच्या फोनवर. आई रडते, मग बहीण रडते, कार्ड संपतं. मेहुणा शिंपी आहे. लग्नानंतर ती एकदाही आलेली नाही. हे कुठे लिहायचं ते ना त्याला सापडलं, ना मला.